ग्रानादात चप्पल शोधताना

ग्रानादाला जाऊन आलेल्या माणसाने अल्हम्ब्रावर लिहावं, असा आपल्याकडे जणू रिवाजच आहे. २ जानेवारी १४९२ ला अबू अब्दुल्लाने शहर हवाली केलं, इथून सुरुवात. मग कारंजी, मग नक्षी, मग एक लांब उसासा. असे लेख मीही आवडीने वाचलेले आहेत. अल्हम्ब्रा आम्ही पाहिला आणि तो डोळ्यांत मावत नाही, हे अगदी खरं आहे. पण त्या तीन दिवसांतला माझा आणि अम्मीचा बराचसा वेळ दुकानं शोधण्यात गेला. औषधाचं दुकान, पावाचं दुकान आणि सरतेशेवटी चपलांचं दुकान. त्या शोधात जे हाती लागलं ते महालात लागलं नव्हतं, म्हणून हा लेख रस्त्यावरचा.

माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे माद्रिदला राहते. गेल्या ऑक्टोबरात अम्मीला घेऊन मी तिच्याकडे गेले होते. तिला सुट्टी मिळेना. "तुम्ही दोघीच ग्रानादा करून या, साडेतीन तासांची तर रेल्वे आहे," असं म्हणून तिने आम्हाला गाडीत बसवून दिलं. अम्मी अडुसष्ट वर्षांची. पंधरा वर्षं झाली, तिला साखर आहे. डॉक्टरांची सक्त ताकीद अशी की, पायाला जखम होता कामा नये. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. स्पॅनिश दोघींनाही येत नाही. आमच्याकडे फोन होता आणि अब्बांची वही होती.

वहीबद्दल आधी सांगते. आमच्या खाडीकाठच्या गावात एके काळी घरटी एक माणूस जहाजावर असायचा. मरहूम अब्बाही मालवाहू बोटीवर खलाशी होते. बार्सिलोना, वालेन्सिया, आल्खेसिरास या बंदरांत त्यांची बोट अनेकदा लागायची. जमिनीवर उतरायला मिळायचे जेमतेम चार-सहा तास आणि खिशात घरच्यांची यादी : शिवणयंत्राच्या सुया, लोकर, अत्तर, मुलांना रंगपेट्या. वेळ कमी, भाषा येत नाही आणि यादी तर पुरी करायची. म्हणून त्यांनी दीडशे पानी वहीत कामापुरतं स्पॅनिश लिहून ठेवलं होतं. शिक्षण मराठी सातवीपर्यंत, त्यामुळे सगळं मराठी अक्षरांत. अब्बांच्या इंतकालनंतर ती वही माझ्याकडे आली. निघताना मी ती आठवण म्हणून पिशवीत टाकली. उपयोगाला येईल असं काही वाटलं नव्हतं.

रेल्वेत वही चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. तीत प्रश्न फक्त दोन होते आणि उत्तरं दीड पानभर.

पहिला प्रश्न, "आय उना... पोर आकी?" म्हणजे इथे जवळपास अमुक दुकान आहे का. दुसरा, "दोंदे एस्ता...?" म्हणजे अमुक दुकान कुठे आहे. शेजारी अब्बांची टीप : 'दुकान आहे की नाही ठाऊक नसेल तर आय. आहे हे नक्की ठाऊक असेल तर दोंदे एस्ता.' माझ्या फोनमधल्या शिकवणीत मला हा फरक कुणी एवढ्या सरळ सांगितला नव्हता. आधी म्हणायचं 'पेर्दोने', म्हणजे माफ करा. आपण जसं अनोळखी माणसाला 'अहो' म्हणतो, 'तू' म्हणत नाही, तसं तिथे 'उस्तेद' म्हणतात आणि 'पेर्दोने' हे त्या आदराच्या रूपातलं आहे. 'उस्तेद' हा आपला उस्ताद आहे, असं मला माद्रिदमध्ये एका पाकिस्तानी बाईंनी मोठ्या हौसेने सांगितलं. ऐकायला गोड आहे, पण कोशकार ते मानत नाहीत. 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या स्पॅनिश संबोधनाचा तो झिजलेला अवशेष आहे.

बाकी दीड पान उत्तरांचं. देरेचा, उजवीकडे. इस्किएर्दा, डावीकडे. तोदो रेक्तो, नाकासमोर सरळ. एस्किना, कोपरा. एन्फ्रेंते, समोर. आल लादो, बाजूला. सेर्का, जवळ. लेखोस, लांब. खाली एक वाक्य, त्याखाली दोन रेघा : 'तोंडाकडे बघू नये, हाताकडे बघावं. दोघांना विचारावं. दोघांचा हात एकाच बाजूला गेला तरच चालू पडावं.'

याचं शहाणपण मला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या दिवशी मी प्रश्न घोकत होते. शिक्षिका ना! उच्चार घासूनपुसून लख्ख केले. आणि चूक तिथेच झाली. तुम्ही प्रश्न जितका शुद्ध विचाराल तितका समोरच्याला वाटतं, की हिला भाषा येते. मग तो पाण्याच्या लोंढ्यासारखं बोलतो आणि तुम्ही बुडता. प्लासा नुएवा या चौकात मी एका बाईंना पावाचं दुकान विचारलं. त्या दोन मिनिटं बोलल्या. त्यातला मला एकच शब्द कळला, मान्साना. मान्साना म्हणजे सफरचंद, हे मला येत होतं. अम्मीला म्हटलं, "दोन सफरचंदांपाशी म्हणतायत." अम्मीने इकडेतिकडे फळवाला शोधला. पाव शेवटी वासावरून सापडला. बहिणीला फोन केला तेव्हा ती हसत सुटली. चार बाजूंनी रस्ते असलेल्या इमारतींच्या चौकोनालाही स्पेनमध्ये मान्सानाच म्हणतात. त्या बाई दोन चौकोन ओलांडा म्हणत होत्या.

दुकानांची नावं मात्र सोपी. आपण 'खाना' जोडून दवाखाना, छापखाना, कारखाना करतो, तसं ते 'एरिया' जोडतात. पान म्हणजे पाव, म्हणून पानादेरिया. सापातो म्हणजे बूट, म्हणून सापातेरिया. फळांची फ्रुतेरिया, मासळीची पेस्कादेरिया, मटणाची कार्निसेरिया. पेस्कादेरियापाशी अम्मी दहा मिनिटं उभी राहिली. बर्फावरच्या सार्दिना बघून म्हणाली, "ही तर तारली!" कोकणातली बाई परमुलखात मासळीपुढे पोचली की तिला भाषेची गरज उरत नाही.

फसगती आहेतच. लिब्रेरिया म्हणजे ग्रंथालय नाही, ते पुस्तकांचं दुकान. टपालाची तिकिटं हवी असतील तर तंबाखूच्या दुकानात जावं लागतं. आणि द्रोगेरिया! अम्मीच्या पायाला लावायला मला कापूस आणि मलमपट्टी हवी होती. इंग्रजीत ड्रग म्हणजे औषध, म्हणून मी ऐटीत द्रोगेरिया विचारली. एका गृहस्थाने अगदी दारापर्यंत नेऊन सोडलं. आत बघते तर फरशी पुसायचे कुंचे, बादल्या, फिनेल, साबण! औषधाच्या दुकानाला फार्मासिया म्हणतात आणि बाहेर हिरवा क्रॉस लुकलुकत असतो. वहीत ते लिहिलेलं होतं. मी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी खोलीवर आम्ही सामानाची यादी करायला बसलो. मी स्पॅनिश नावं वाचत होते, अम्मी ऐकत होती. साखर, आसूकार. तांदूळ, आर्रोस. तेल, आसेइते. ऑलिव्ह, आसेइतूना. केशर, आसाफ्रान. "थांब," अम्मी म्हणाली, "आसाफ्रान म्हणजे जाफरान की. आणि आसेइतूना म्हणजे जैतून." ती मदरशात शिकलेल्या अरबीच्या बळावर बोलत होती आणि बरोबर बोलत होती. सुक्करला अरबीतलं 'अल्' चिकटलं, उच्चारात ते 'अस्सुक्कर' झालं आणि त्याचं झालं आसूकार. जैतचं आसेइते, रुज्जचं आर्रोस. अरबी मुळाचे असे सुमारे चार हजार शब्द स्पॅनिशमध्ये असल्याचं अभ्यासक सांगतात. आपण ज्याला फलाणा म्हणतो तो तिथे फुलानो. शहराचा नगराध्यक्ष आल्काल्दे, म्हणजे अल्-काजी. बंदरावरचं कस्टम आदुआना, म्हणजे दिवाण. हा शब्द अब्बांच्या वहीत पहिल्याच पानावर आहे. खलाशाला त्याच्याशी रोजचं काम. पण आपण दिवाणखान्यातला दिवाण लिहितोय हे त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. 'असं झालं तर किती बरं' अशा आशेने स्पॅनिश माणूस 'ओखाला' म्हणतो. त्यात अल्लाहचं नाव आहे, 'अल्लाहने चाहिलं तर' याच अर्थाचं. रोज चर्चला जाणाऱ्या म्हाताऱ्याही ते म्हणतात.

आणि साखर, नारिंग यांची तर उलटी गंमत. संस्कृतातली शर्करा इराणातून अरबांकडे गेली आणि त्यांच्याकडून स्पेनला पोचली. नारिंगाचंही तेच, तिथे ते नारान्खा झालं. आपलाच माल सात घरं फिरून परत विकत घ्यावा, तसं ते. पोर्तुगीजांकडून गोव्यामार्गे जे शब्द आपल्याकडे आले त्यांचे भाऊबंदही या दुकानांत भेटतात, पण जरा जपून. बटाट्याला ते पाताता म्हणतात. बाताता मागाल तर रताळं हातात येईल.

आता चपलेची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी आम्ही अल्बाइसीनमध्ये होतो. अल्हम्ब्राच्या समोरच्या टेकडीवरची ही जुनी वस्ती; १९९४ पासून तीही जागतिक वारशाच्या यादीत आहे. पांढऱ्या भिंती, एका वेळी दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या, चढ, उतार, पायऱ्या. वर सान निकोलासच्या सज्जाशेजारी २००३ साली उघडलेली मशीद आहे, आणि तिच्या बागेतून समोर अल्हम्ब्रा आणि मागे सिएर्रा नेवादाचे डोंगर दिसतात. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं, त्यामुळे ऑक्टोबरातही जोहरची वेळ दोन वाजल्यानंतर होते. नमाज पढून बाहेर पडलो तेव्हा अडीच झाले होते. बागेत अम्मी खूप वेळ गप्प बसली होती. मला वाटलं, समोरचं दृश्य पाहून दिल भरून आलं असेल. उठताना तिने सांगितलं की, टाच दुखतेय.

गल्लीच्या पहिल्याच उतारावर तिच्या उजव्या चपलेचा पट्टा तुटला. तिथल्या गल्ल्या नदीतल्या गोट्यांनी बांधलेल्या आहेत, आणि मध्ये मध्ये चौकोनी दगड. अनवाणी पायाने चालायचे ते दगड नव्हेत, आणि साखरेच्या पायाने तर नव्हेतच. मी तिला एका पायरीवर बसवलं आणि टाच पाहिली. चिंचोक्याएवढा फोड आलेला होता, अजून फुटला नव्हता. सकाळपासून दुखत असणार. "सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच. ती म्हणाली, "तुझा अल्हम्ब्रा राहिला असता." अल्हम्ब्राची तिकिटं त्या दिवशी सकाळचीच होती.

फोनवर सर्वांत जवळची सापातेरिया तीनशे मीटरवर दाखवत होती. पण नकाशाला पायऱ्या दिसत नाहीत. तो ज्या बाजूला वळा म्हणे तिथे भिंत. आणि दुकान उघडं आहे का, तर 'सेर्रादो', बंद. दोन ते पाच ही तिथली दुपार. छोटी दुकानं त्या वेळात शटर ओढून घेतात. दुपारी जेवून आडवं होणाऱ्या लोकांना आपण कोकणातले नावं ठेवू शकत नाही, पण त्या क्षणी मी ठेवली.

विचारायला हवं होतं. आणि कबूल करते, मला लाज वाटत होती. आदल्या दिवशीचा द्रोगेरियाचा प्रकार आठवत होता. वर्गात चाळीस मुलांना 'चुकलं तरी चालेल, बोला' असं सांगणारी मी, भर गल्लीत गप्प उभी. अम्मीने माझी पिशवी ओढली, वही काढली आणि माझ्या हातात दिली. "विचार की कुणाला तरी. ते कसे विचारायचे? त्यांना कुठे येत होतं?"

एका दारात म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. मी जवळ गेले आणि या वेळी उच्चार सुधारायच्या फंदात पडले नाही. "पेर्दोने. आय उना सापातेरिया पोर आकी?" बोट अम्मीच्या पायाकडे. तो उठला, पाय पाहिला, तोंडाने चक् चक् केलं आणि बोलू लागला. मी तोंडाकडे बघत राहिले आणि मला काहीही कळलं नाही.

मागून अम्मीचा आवाज आला. "दो म्हणतोय तो. दो गल्ल्या. खाली."

मी चकित होऊन वळले. म्हाताऱ्यानेही तिच्याकडे बघून दोन बोटं वर केली आणि म्हणाला, "दो! दो काये, मा आबाखो!" स्पॅनिशमध्ये दोनला 'दोस' म्हणतात, हे मी पाठ केलं होतं. पण अंदालुसियाची माणसं शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून टाकतात. दोसचं दो होतं, मासचं मा होतं. मी पुस्तकातला दोस ऐकायला टपून बसले होते, आणि दक्खनीत मुरलेल्या तिच्या कानाला दो सरळ कळला. आबाखो, म्हणजे खाली, हे तिने हातावरून ओळखलं. ती हाताकडेच बघत होती.

अब्बांच्या नियमाप्रमाणे दुसऱ्यालाही विचारलं. चाकांची बाजारपिशवी ओढत येणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी घड्याळावर बोट ठेवून 'सेर्रादो' सांगितलं, पण मग मान हलवून म्हणाल्या, काल्देरेरिया. हात खाली. दोघांचे हात एकाच बाजूला. अम्मीच्या पायाला माझी ओढणी दुहेरी गुंडाळली आणि आम्ही सान ग्रेगोरिओचा उतार धरला. एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्याला. दर दहा पावलांनी थांबत. नंतर कधीतरी मला कळलं, की फरसबंदीच्या चौकोनी दगडाला स्पॅनिशमध्ये आदोकीन म्हणतात आणि तो शब्द आला आहे अरबी 'दुक्कान' वरून. दुक्कान म्हणजे मुळात बसायचा ओटा. आपल्याकडे त्या ओट्यावरच्या व्यापाराचं दुकान झालं, त्यांच्याकडे रस्त्यातला दगड. आम्ही दुकान शोधत होतो आणि ते पायाला टोचत होतं.

काल्देरेरिया नुएवा ही चढणीची अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना मोरोक्कोवाल्यांची दुकानं, चहाची घरं, दिवे, चामड्याच्या वस्तू. ही दुकानं दुपारची झोपत नाहीत. सामान्य पर्यटक इथे चहा पितो, फोटो काढतो आणि 'मूरांचा बाजार' पाहिला म्हणून जातो. खरं सांगायचं तर जुना बाजार हा नव्हे. तो खाली, अल्काइसेरियात होता, रेशमाचा. १८४३ च्या आगीत तो जळाला आणि आज तिथे जे आहे ते नंतर बांधलेलं आहे. शेजारच्या साकातीन रस्त्याचं नावही अरबी, जुने कपडे विकणाऱ्यांचा रस्ता. आमच्यासारख्या तुटक्या चपलेच्या गिऱ्हाइकांना त्या काळी तिथे बरं मिळालं असतं.

एका दुकानाबाहेर रंगीत सपाता टांगलेल्या होत्या, मऊ चामड्याच्या, मागून दुमडलेल्या. आतल्या पोराने सलाम केला, अम्मीने जवाब दिला आणि तो लगेच स्टूल घेऊन आला. सपाता दाखवत म्हणाला, "बाबूचा."

"काय म्हणाला?" अम्मीने विचारलं.

"बाबूचा."

अम्मी पुटपुटली, "पापोश. पायपोस म्हणतोय."

तिचं बरोबर होतं. फारसीतला पापोश, पाय झाकणारा, अरबीत बाबूश झाला आणि फिरत फिरत स्पॅनिशमध्ये बाबूचा. आपल्याकडे तो पायपोस झाला. गोंधळ माजला की कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, असं आपण म्हणतो तोच.

पोराने विचारलं, "नूमेरो?" नंबर. अम्मीला नंबर माहीत नव्हता. ती गावच्या चांभाराकडून चपला करून घेणाऱ्यांतली. मी वहीत 'नूमेरो' शोधायला पानं उलटू लागले, आणि शेवटच्या पानांत, जिथे मी कधी पोचले नव्हते, एका पावलाची आकृती निघाली. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारलेली. वर अब्बांच्या अक्षरात अम्मीचं नाव. आणि अंगठ्याशेजारी निळ्या शाईत, कुणा दुसऱ्याच्याच हाताने, ३७. आकडा इंग्रजी वळणाचा. कुठल्यातरी बंदरातल्या दुकानदाराने लिहिला असणार.

पोराने वही घेतली, सदतीस नंबरची सपाता आकृतीवर ठेवली. तंतोतंत बसली. मग त्याने अम्मीच्या पायाकडे पाहिलं आणि काही न बोलता अडतीस नंबर काढला. चाळीस वर्षांत पाऊल पसरलं होतं, त्यात सूज.

मला बोलवेना. अम्मी मात्र आकृतीकडे बघून हसायला लागली. "ते बूट मला लागायचे," ती म्हणाली. "काळे, टाचेचे. वालेन्सियाहून आणले होते. दोन लग्नांत घातले आणि ट्रंकेत ठेवून दिले."

"अब्बांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? दहा महिन्यांनी माणूस घरी यायचा. एवढा पत्ता विचारत विचारत गेला असणार."

मी काही बोलले नाही. सकाळपासूनच्या टाचेचं आणि त्या बुटांचं नातं मला दिसत होतं, तिला दिसत होतं की नाही ठाऊक नाही.

बाबूचा घालून आम्ही उतरलो. ग्रान व्हियाच्या बाजूला हिरवा क्रॉस लुकलुकत होता. शहरात काही फार्मासिया दुपारीही उघड्या असतात, आणि ज्या बंद असतात त्यांच्या दारावर कोणती फार्मासिया पाळीवर उघडी आहे ते लिहिलेलं असतं. ही उघडी होती. आतल्या बाईंना मी फोड दाखवला. फोड म्हणजे आम्पोया. मधुमेह मात्र सांगावा लागला नाही. 'दियाबेतेस' जवळजवळ सगळीकडे सारखाच. त्यांनी फोड फोडायचा नाही हे हाताने बजावलं, पट्टी दिली, कापूस दिला. कापसाला तिथे आल्गोदोन म्हणतात, तोही अरबी, अल्-कुत्न. बाई एवढ्या सावकाश बोलल्या की मला त्यांचा हात धरावासा वाटला. बाबूचाकडे बघून त्यांनी नापसंतीने मान हलवली. मागून उघडी सपाता अशा पायाला चालत नाही. बंद, मऊ, सपाट बूट घ्या, असं त्यांनी चित्र काढून सांगितलं. आपले डॉक्टरही हेच म्हणाले असते.

खोलीवर पाय वर करून पडलो. साडेपाचला पुन्हा बाहेर. शटरं उघडण्याचा खडखड आवाज गल्लीभर चालू होता. मी फोन काढला, तेवढ्यात अम्मी म्हणाली, "ठेव तो. मी विचारते." तिने पदर सारखा केला, वहीचं पान एकदा पाहिलं, आणि समोरून येणाऱ्या एका बाईंना थांबवलं.

"पेर्दोने," अम्मी म्हणाली. "आय उना सापातेरिया पोर आकी?"

एकही अक्षर चुकलं नाही. बाई क्षणभर अम्मीकडे बघत राहिल्या, मग हसू दाबत त्यांनी हात वर केला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ वर. आम्ही ज्या दाराच्या उंबऱ्यावर उभ्या होतो त्याच्यावरच पाटी होती.